जेल ताणल्यावर रेणू एका दिशेला कसे वळतात?

एनएमआरचा (अणुकेंद्रांच्या चुंबकीय गुणांवरून रेणूची रचना ओळखण्याच्या तंत्राचा) चुंबक इतका ताकदवान असताना रेणू वळवायला ताणलेलं जेल कशाला लागतं, असं तुम्ही विचारलंय. चुंबकाचा जोर चालतो तो अणुकेंद्रांवर. अख्खा रेणू द्रावणात सेकंदाला अब्जावधी गिरक्या घेत असतो, त्यामुळे दोन अणुकेंद्रांमधला थेट चुंबकीय परिणाम सरासरीत शून्य होऊन जातो. आणि कुठला बंध कुठल्या दिशेला आहे हे तर तोच सांगतो!

बरं, रेणू पुरता जखडूनही चालत नाही. शेजारच्या कार्बन-हायड्रोजनमधला हा परिणाम वीसेक हजार हर्ट्झचा असतो, त्यामुळे स्पेक्ट्रममधल्या सगळ्या रेघा पसरून एकमेकींत मिसळतात. आपल्याला हवा त्याचा हजारावा भाग, म्हणजे दहा-वीस हर्ट्झ. जेलचं खरं काम एवढंच, अगदी किंचित कल देणं. अरुंद बोळातून लांब बांबू नेताना तो बोळाच्या दिशेनेच धरावा लागतो. ताणलेल्या जेलमधल्या लांबट पोकळ्यांत लांबोळ्या रेणूचं तसंच होतं.

मला सर्वांत आवडते ती ताणण्याची रीत, कारण तिच्यात ओढावं लागतच नाही. म्युनिकमध्ये लुई, कोबझार आणि केसलर या रसायनशास्त्रज्ञांनी २००४ साली पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकची काडी वापरली. काडी एनएमआरच्या काचेच्या नळीपेक्षा जरा बारीक घ्यायची, नळीत ठेवायची आणि क्लोरोफॉर्ममध्ये सोडायची. ती फुगून जेल होते, काचेला टेकते आणि मग रुंदीला जागाच उरत नाही म्हणून फक्त उंच होत जाते. तोच ताण. याला कित्येक दिवस लागतात. मी पहिल्या वेळी घाई केली, तर द्रावकातल्या ड्युटेरियमच्या (जड हायड्रोजनच्या) स्पेक्ट्रममध्ये ताणलेल्या जेलमधल्या द्रावकाच्या दोन रेघा आल्या होत्या, पण मधोमध तिसरी ठाम उभी. ती जेलबाहेरच्या मोकळ्या द्रावकाची. ती मावळून दोनच स्वच्छ रेघा उरेपर्यंत मोजमापाला हात लावू नका.

नमुना पाण्यात विरघळणारा असेल तर जिलेटीन घ्या. ते गरम असताना सिलिकॉनच्या नळीत ओततात, थिजलं की नळीसकट खरोखर ओढतात. जिलेटीनच्या साखळ्यांनाच डावं-उजवं असल्यामुळे अ‍ॅलानिन या अमिनो आम्लाची, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असलेली दोन रूपं त्यात वेगळी दिसतात, हे २००५ मध्ये दाखवलं गेलं. पॉलिस्टायरीनला ते जमत नाही. मात्र त्यातलं डावं कोणतं हे ठरवायला ओळखीचा नमुना शेजारी लागतोच.