सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारात राहून शिकणे कसे असते?

गणेशखिंडीतील हे आवार सुमारे 411 एकरांचे असल्यामुळे पहिली जाणीव होते ती अंतराची. मुख्य प्रवेशद्वारापासून आपल्या विभागापर्यंत पायी जाताना दमछाक होते, म्हणून जुनी का होईना, एक सायकल जवळ असलेली बरी. एकेकाळी गव्हर्नरांचे निवासस्थान असलेली मनोऱ्याची मुख्य इमारत प्रत्येकजण पाहतो, परंतु विद्यार्थ्याचा खरा दिवस जातो तो जयकर ग्रंथालयात. परीक्षा जवळ आल्या की तेथील अभ्यासिकेत सकाळी लवकर गेल्याखेरीज जागा मिळणे कठीण असते आणि टेबलावर वही ठेवून चहाला गेलेल्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवरून हलके वादही झडतात. चहासाठी अनिकेत कॅन्टीन आहेच. वसतिगृहातील जागा मर्यादित असल्याने प्रवेश निश्चित होताच अर्ज करावा. घरची परिस्थिती बेताची असल्यास ‘कमवा व शिका’ योजनेची चौकशी अवश्य करावी. ठरलेले तास काम करून मिळणाऱ्या मानधनातून निदान खाणावळीच्या खर्चाला हातभार लागतो. विज्ञानाची आवड असेल, तर याच आवारातील आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रांगणात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे जरूर पाहावेत.