अमेरिकेत मतदान केंद्रावर पोलीस तैनात करता येतात का?

सरसकट नाही, मर्यादा राज्यागणिक बदलते. पेनसिल्व्हेनियात पोलिसांनी मतदानाच्या वेळी केंद्रापासून किमान १०० फूट लांब राहायचं असतं. कॅलिफोर्नियात निवडणूक अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय गणवेशातला पोलीस केंद्राजवळ तैनात करणं गुन्हा आहे. आपल्याकडे दारात पोलीस दिसला की सुरक्षित वाटतं, तिथला अनुभव वेगळा: १९८१ मध्ये न्यू जर्सीत रिपब्लिकन पक्षाने ‘मतपत्रिका सुरक्षा’ या नावाखाली सुट्टीवरचे पोलीस कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांतल्या केंद्रांवर उभे केले होते. ही उघड दडपशाहीच होती, म्हणून असे निर्बंध मला योग्य वाटतात. मात्र पोलिसाला स्वतःचं मत द्यायला जाता येतं आणि केंद्रावर गोंधळ झाला तर त्यांना बोलावताही येतं.