गोदावरीच्या गाळातले प्रतिजैविकांना दाद न देणारे जिवाणू मोजायचे कसे?

नांदेडजवळचा गाळ अ‍ॅम्पिसिलिन हे प्रतिजैविक घातलेल्या न्यूट्रिअंट अगरवर (जिवाणू वाढवायच्या साध्या माध्यमावर) लावला, तर विष्णुपुरी धरणाच्या वरच्या बाजूच्या नमुन्यातही वसाहतींची गर्दी झाली. मग शहराच्या सांडपाण्याचा परिणाम दाखवायचा कसा, असं तुम्ही विचारलंय.

त्या प्लेटवरून तो दिसणारच नाही. स्यूडोमोनाससारखे माती-पाण्यातले कितीतरी जिवाणू अ‍ॅम्पिसिलिनला जन्मतःच दाद देत नाहीत. ‘एकूण जिवाणूंपैकी इतके टक्के प्रतिरोधक’ हा आकडा प्रबंधांत सर्रास असतो, पण माझ्या मते तो फारसं काही सांगत नाही. आतड्यातून येणारा ई. कोलाय हा जिवाणू धरा आणि औषध सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक, मिलीला ४ मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या ‘ट्रायसायकल’ पद्धतीतही हीच जोडी आहे.

माध्यम टीबीएक्स (ई. कोलाय ओळखू देणारं रंगीत अगर), त्यावर ई. कोलाय निळा-हिरवा दिसतो. निम्म्या प्लेट औषधासह, निम्म्या औषधाविना. मिलीला ४ मिलिग्रॅम असं द्रावण ०.२२ मायक्रॉन फिल्टरमधून काढून २५० मिली अगरमध्ये ०.२५ मिली घालायचं, तेही अगर ५० अंशांखाली आल्यावर. शुद्ध पावडर महाग पडते म्हणून मेडिकलमधून इंजेक्शनची कुपी आणणार असाल तर लेबल नीट वाचा. बऱ्याच कुप्यांत सोबत सल्बॅक्टम असतं. ते बीटा-लॅक्टमेजलाच, म्हणजे औषध फोडणाऱ्या जिवाणूंच्या विकरालाच, अडवतं, म्हणजे ज्यांना शोधायचं तेच दबतात आणि आकडा खोटा कमी येतो. प्रत्येक खेपेला एटीसीसी २५९२२ (औषधाला दाद देणारा ई. कोलायचा प्रमाण वाण) औषधाच्या प्लेटवर लावाच. तो उगवला तर सगळी खेप रद्द.

नमुना वरच्या ५ सेंमी थराचा, फेब्रुवारी ते मे मध्ये. मोठा पूर हा थर खरवडून नेतो. खालच्या ठिकाणापासून सुरुवात करून प्रवाहाच्या उलट वर जा, नाहीतर तुम्हीच ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात येईल. मीटरभर परिसरातल्या चार-पाच जागांचा गाळ एकत्र करा, बर्फाच्या डब्यात ठेवा पण गोठवू नका, आणि २४ तासांत लावा.

खरी गोची पुढे आहे. आपल्याकडचा गाळ काळ्या मातीचा, त्यात स्मेक्टाइट चिकणमाती भरपूर. टेट्रासायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सासिन तिला धरून राहतात (म्हणून तर पाण्यापेक्षा गाळ तपासायचा) आणि जिवाणूही. नुसत्या सलाइनमध्ये हलवलं तर ते सुटत नाहीत. १० ग्रॅम गाळ, ९० मिली सलाइन, त्यात ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेट, शेकरवर अर्धा तास. मग पाच मिनिटं बसू द्या आणि वरचं घ्या. पिपेटची टिप तुंबत असेल तर टोक कापून निर्जंतुक केलेली वापरा. वरच्या बाजूच्या नमुन्यात ई. कोलाय कमी असेल, तिथे पहिल्याच द्रावणाचे १ मिली पाच प्लेटांवर वाटून लावा. थेट ४४ अंशांवर ठेवलं तर अर्धमेल्या पेशी उगवत नाहीत. आधी चार तास ३७, मग ४४.

त्याच गाळाचे १० ग्रॅम १०५ अंशांवर रात्रभर वाळवा. समजा ६ ग्रॅम उरले. शंभरपट पातळ द्रावणाच्या ०.१ मिलीत ४८ वसाहती, म्हणजे ओल्या ग्रॅममागे ४८,००० आणि कोरड्या ग्रॅममागे ८०,०००. सेफोटॅक्सिमवर दहापट पातळ द्रावणाच्या ०.१ मिलीत ३६ आल्या, तर कोरड्या ग्रॅममागे ६,०००. प्रतिरोधक साडेसात टक्के. सगळ्या ठिकाणांची तुलना याच आकड्याने करा.

सेफोटॅक्सिमवर उगवलेल्या काही वसाहती म्युलर-हिंटन अगरवर औषधाच्या चकत्या ठेवून तपासा: नुसत्या सेफोटॅक्सिमच्या चकतीपेक्षा सेफोटॅक्सिम-क्लॅव्ह्युलॅनेटच्या (क्लॅव्ह्युलॅनेटही बीटा-लॅक्टमेजला अडवतं) चकतीभोवतीचं न उगवलेलं वर्तुळ ५ मिमी किंवा जास्त मोठं असेल तर ईएसबीएल, म्हणजे अशी औषधं फोडणारं विस्तारित बीटा-लॅक्टमेज. प्लेटा टाकण्याआधी ऑटोक्लेव्ह करा, हे सांगायला नकोच.

अजून एक. प्रबंधाच्या प्रस्तावनेत हैदराबादजवळच्या पटणचेरूचा दाखला सगळेच देतात; तिथल्या औषध कारखान्यांच्या सांडपाण्यात लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन सापडल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं. पण ते पाणी मांजरा नदीतून गोदावरीला मिळतं कंदकुर्तीला, म्हणजे नांदेडच्या खाली. तुमच्या आकड्यांचं कारण म्हणून ते देऊ नका. परीक्षक नकाशा उघडेल.