बोर्डं एकत्र झाली तर वडिलांच्या पीएफचं काय? आमच्यावर बेतलेलं सांगतो

तुमची पोस्ट वाचून आमचे ते दिवसच आठवले. वडील मस्जिद बंदरला माथाडी टोळीत (हमालांच्या गटात), रिटायरमेंटला दोन वर्षं, आणि सरकार माथाडी बोर्डं (हमालांची मजुरी, पीएफ सांभाळणारी मंडळं) एकत्र करायचा कायदा आणतंय म्हणतात तर पीएफ-ग्रॅच्युइटी बुडेल का, हा तुमचा प्रश्न. मी वकील नाही हां, अनुभव तेवढा आहे.

आमचा घात कायद्याने नाही, एका पासबुकाने केला. वडिलांची टोळी वाशी मार्केटला गेली, बोर्ड बदललं, नव्या बोर्डाच्या (नाव घेत नाही) खिडकीवर क्लार्कने जुनं पासबुक मागितलं आणि मी ओरिजिनल देऊन आलो, ना पोच ना झेरॉक्स. घामाने कडा मऊ पडलेलं, महिन्यामहिन्याची नोंद असलेलं पुस्तक होतं ते. नंतर जुनं बोर्ड म्हणतं रेकॉर्ड पाठवलं, नवं म्हणतं आलंच नाही. चार वर्षांची लेव्ही (मालक मजुरीवर बोर्डाकडे जादा भरतो ती रक्कम, त्यातूनच पीएफ-ग्रॅच्युइटी निघते) गायब! वडील रोज विचारायचे, काय झालं रे, आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. शेवटी मुकादमाने जुन्या हजेरीच्या वह्या काढून दिल्या, माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाकला (३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं), तेव्हा कुठे फाईल हलली, तरी सगळे पैसे नाहीच मिळाले.

म्हणून आधी वडिलांच्या पासबुकाच्या पानापानाचे फोटो काढा, आज रात्रीच. आणि आधार, बँक, बोर्ड तिन्हीकडे नाव सारखं आहे का बघा.

आता विधेयकाचं. २०२३ ला माथाडी कायद्यात बदल करणारं ३४ नंबरचं विधेयक आलं तेव्हाही व्हॉट्सअॅपवर नुसती घबराट होती, मूळ मसुदा वाचलेला माणूस सापडत नव्हता. तुम्ही आताच्या विधेयकाचा मसुदा वाचा, आणि शेवटची कलमं आधी वाचा: जुन्या बोर्डाचे पैसे आणि देणी कुणाकडे जाणार, जुनी नोकरी सलग धरणार का, पेंडिंग दाव्यांचं काय. हे स्पष्ट नसेल तर युनियनमार्फत आणि आमदाराकडे लेखी हरकत द्या, पोच घेऊनच. दुसरं म्हणजे बोर्डावर कोण बसणार. १९६९ च्या माथाडी कायद्यात मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने आहेत आणि सरकारी सदस्य एक तृतीयांशाच्या वर नाहीत, ते प्रमाण बिघडवणारं काहीही असेल तर माझा ठाम विरोध राहील, कारण हमालाचं दुखणं माहीत असलेला माणूस त्या टेबलावर हवाच.

वडिलांचा टोळी नंबर आणि कुठल्या बोर्डात आहेत ते मेसेज करा, इथे उघड टाकू नका.