तारे कशाचे आणि ॲडास कशासाठी?

प्रश्न : आम्ही पसंत केलेल्या मोटारीला भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीचे पाच तारे आहेत. हे तारे वरच्या व्हेरियंटमधील ॲडासमुळे, म्हणजे चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांमुळे, मिळाले आहेत, म्हणून जास्त पैसे मोजून तोच घ्यावा, असे विक्रेते सांगतात. हे खरे आहे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या या चाचणीत गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात, बाजूने ताशी ५० किलोमीटर वेगाने धडक देतात, आणि आतल्या माणसांना किती इजा झाली असती यावर गुण ठरतात. पाच ताऱ्यांसाठी प्रौढांच्या सुरक्षेत ३२ पैकी किमान २७ आणि मुलांच्या सुरक्षेत ४९ पैकी किमान ४१ गुण लागतात. आपोआप लागणारा ब्रेक किंवा लेन सांभाळणारी यंत्रणा यांचा त्यात एकही गुण नाही. गाडी घसरू लागल्यास एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावणारी ईएससी मात्र तीन किंवा अधिक ताऱ्यांसाठी सक्तीची आहे. पण तिला कोणी ॲडास म्हणून विकत असेल, तर ते चूक आहे.

हा गोंधळ होण्याचे एक कारण युरोपात आहे. तिथे चालकाला साहाय्य करणाऱ्या यंत्रणांना स्वतंत्र गुण मिळतात, आणि त्यांचा परिणाम किती होतो हे फियाट पुंटोवरून कळते. २००५ साली पाच तारे मिळवलेल्या या गाडीला युरो एनकॅपने, म्हणजे तिथल्या अशाच चाचणीने, डिसेंबर २०१७ मध्ये शून्य तारे दिले. प्रौढांच्या सुरक्षेत तिला तेव्हाही ५१ टक्के गुण होते, साहाय्यक यंत्रणांच्या गटात मात्र शून्य. गाडीचा सांगाडा बारा वर्षांत कमकुवत झाला नव्हता, मोजमाप कडक झाले होते. हीच पुंटो आपल्याकडे रांजणगावच्या कारखान्यात तयार होत असे.

तारे आणि ॲडास यांचा विचार म्हणून वेगवेगळा करावा. आधी पाच ताऱ्यांचा निकाल आपण घेणार त्या व्हेरियंटला लागू आहे का, ते भारत एनकॅपच्या अहवालात पाहावे. त्यानंतर पैसे उरत असतील, तर माझ्या मते आपोआप लागणाऱ्या ब्रेकसाठी ते जरूर खर्च करावेत, कारण महामार्गावर चालकाचे लक्ष क्षणभर विचलित झाले किंवा डुलकी लागली, तर टक्कर टळू शकते, निदान धडकेचा वेग तरी कमी होतो. लेन सांभाळणाऱ्या यंत्रणेसाठी एवढा आग्रह मी धरणार नाही. तिला रस्त्यावरचे पट्टे स्पष्ट दिसावे लागतात, आणि ते पुसट झाले की तिचा उपयोग राहत नाही.

हा ब्रेक पादचारी आणि दुचाकी ओळखतो का, आणि किती वेगापर्यंत काम करतो, हे गाडीच्या माहितीपुस्तिकेत स्वतः वाचावे. शिवाय बहुतेक गाड्यांत त्याचा कॅमेरा पुढच्या काचेमागे असतो. काच बदलल्यास कॅमेऱ्याचे कॅलिब्रेशन, म्हणजे अचूक जुळणी, पुन्हा करून घ्यावे लागते, आणि त्याचा खर्च विम्यात बसतो का, हे गाडी घेतानाच विचारून ठेवावे.