आयगेन सदिश दाखवावा कसा?

प्रश्न : मी पदवीच्या वर्गाला रेषीय बीजगणित शिकवते. विद्यार्थी आयगेन मूल्ये (मॅट्रिक्स लावल्यावरही आपल्याच रेषेवर राहणारे सदिश, म्हणजे आयगेन सदिश, किती पट होतात ते सांगणाऱ्या संख्या) अचूक काढतात, पण त्यांचा अर्थ सांगू शकत नाहीत. संगणकाचा उपयोग होईल का?

उत्तर : निश्चित होईल, मात्र सूत्र सांगण्यापूर्वी. जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली ओळ २, १ आणि दुसरी १, २ असलेला मॅट्रिक्स घ्यावा. एकक वर्तुळावर सरकणारा सदिश आणि मॅट्रिक्स लावल्यावर मिळणारी त्याची प्रतिमा एका रेषेवर केव्हा येतात, हे विद्यार्थ्यांनीच माउसने शोधावे. (१, १) या दिशेत प्रतिमा तिप्पट होते. (१, −१) या दिशेत ती तशीच राहते. त्यानंतरच वहीत समीकरण मांडावे. पुढे ९० अंशांनी फिरवणारा मॅट्रिक्स द्यावा. तिथे अशी दिशा सापडतच नाही, आणि ती का सापडत नाही हा विद्यार्थ्यांनी स्वतः विचारलेला प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.