खत मातीत, तरी झाड उपाशी का?

प्रश्न : कुंडीत पाणी साचून राहिले आणि आठवड्याभरात झाडाची खालची पाने पिवळी पडली. खत तर भरपूर घातले होते. क्षार पाण्यात विरघळूनच मुळांत जातात ना? मग कमतरता कशी?

उत्तर : पाणी क्षारांना मुळाच्या दारापर्यंत आणते. दारातून आत घेण्याचे काम मुळाला स्वतः, ऊर्जा खर्चून करावे लागते. मूलरोमांच्या (मुळांवरच्या केसांच्या) पेशीपटलातले, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ पडद्यातले, पंप एटीपी हे पेशीचे ऊर्जा-इंधन खर्चून हायड्रोजन आयन (धनभारित कण) सतत बाहेर टाकत असतात. पाण्यात विरघळलेले क्षारही अशाच भारित कणांच्या, आयनांच्या रूपात असतात. त्यामुळे पेशीची आतली बाजू साधारण १०० ते २०० मिलिव्होल्टने ऋणभारित राहते. धनभारित पोटॅशियम या ओढीने आत येते. नत्र पुरवणारे नायट्रेट ऋणभारित असल्याने त्याला हीच ओढ आड येते. मग बाहेर टाकलेले हायड्रोजन आयन परत आत शिरताना वाहक प्रथिन त्यांच्या जोडीने नायट्रेटलाही आत घेते.

पेशीभित्तींच्या फटींतून सरकणाऱ्या आयनांनाही मोकळी वाट नाही. अंतस्त्वचेत, म्हणजे मुळाच्या आतल्या पेशींच्या एका थरात, लिग्निन या कठीण द्रव्याची कॅस्पेरी पट्टी पेशीभित्तींतली वाट अडवते, तिथे पेशीपटल ओलांडावेच लागते. म्हणजे काय आत सोडायचे, हे बऱ्याच अंशी मूळच ठरवते. त्यापुढे आयन पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांत भरले जातात आणि पानांतून होणाऱ्या बाष्पोत्सर्जनाच्या ओढीने वर चढतात.

एटीपीसाठी मुळांना प्राणवायू लागतो आणि पाण्यात तो हवेच्या सुमारे १०,००० पट मंद गतीने पसरतो. माती तुडुंब भरली की पंप मंदावतात. शिवाय प्राणवायू नसलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात. मग झाड जुन्या पानांतला नत्र काढून कोवळ्या पानांना देते, म्हणून पिवळेपणा खालून सुरू होतो.

अशा वेळी आणखी खत घालू नका. क्षार वाढले की मुळांना पाणी ओढणेही जड जाते. कुंडीचे भोक मोकळे करा, ताटलीतले पाणी ओता, वरची २-३ सेंमी माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. वाफसा आल्यावरच, तोही थोडा, खताचा हप्ता द्या.

प्रश्न : टोमॅटोच्या फळांचा तळ काळा पडतो. पानांवर कॅल्शियम फवारूनही थांबत नाही.

उत्तर : पानात गेलेले कॅल्शियम तिथून फळाकडे जवळपास जात नाही, कारण पानांत तयार झालेले अन्न इतरत्र नेणाऱ्या रसवाहिन्यांतून ते फारच थोडे वाहते. त्याची खरी वाट जलवाहिन्यांची. फळातून बाष्प कमी जाते, त्यामुळे पाण्याचा ओघ पानांकडे आणि कॅल्शियमही तिकडेच. मातीत ते पुरेसे असले तरी एकदा कोरडे, एकदा चिंब असे पाणी दिले की फळ उपाशी राहते. त्यात कॅल्शियम मुख्यतः मुळांच्या कोवळ्या टोकांजवळून आत येते. खुरपणीत ती टोके तुटली की पुरवठा आणखी घटतो. अमोनियमयुक्त खत आणि पोटॅश जास्त झाले तरी कॅल्शियमच्या शोषणात अडथळा येतो.

आच्छादन करून ओल एकसारखी ठेवा, खोडाजवळ खोल खुरपू नका. काळी पडलेली फळे सुधारत नाहीत, ती काढून टाका.